आर्त आणि अर्थार्थी : कर्करोगोपचारांच्या जाहिरातीचा धर्मविचार

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आपल्याला भजणाऱ्या पुण्यवंतांचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे पीडेने गांजून धावा करणारा. अर्थार्थी म्हणजे काही प्राप्त व्हावे या इच्छेने येणारा. ज्ञानी श्रेष्ठ खरा, तथापि या चौघांनाही भगवंतांनी उदारच म्हटले आहे. ईश्वराच्या दारी आर्त आणि अर्थार्थी शेजारी शेजारी उभे राहतात तेव्हा एकापासून दुसऱ्याला भय नसते. कारण देणारा तिसराच असतो आणि त्याला कोणाकडूनच काही घ्यावयाचे नसते. संसारात मात्र असा प्रसंग वारंवार येतो की, अर्थार्थीच आर्तापुढे दाता म्हणून उभा राहतो आणि एकाची पीडा हेच दुसऱ्याच्या प्राप्तीचे साधन होते. अशा प्रसंगी अर्थार्थ्याने आर्ताशी कोणत्या वाणीने बोलावे, हा धर्माचा प्रश्न आहे. कर्करोगाच्या उपचारांची जी जाहिरात आज घरोघर पोहोचते, तिच्यामुळे तो अत्यंत निकडीचा झाला आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. या आकड्यांमागील प्रत्येक घरात एक संध्याकाळ अशी येते की, तपासणीचा कागद हातात असतो, त्यावरील शब्द समजत नाहीत, आणि काय करावे हे सांगणारा जवळ कोणी नसतो. त्याच वेळी वर्तमानपत्राच्या पानावर, हमरस्त्यावरील फलकावर किंवा हातातल्या मोबाइलवर एक हसऱ्या मुद्रेचा रुग्ण दिसतो. त्याच्या शेजारी पांढऱ्या डगल्यातील डॉक्टर असतात, मागे एखादे भव्य यंत्र असते, आणि वर विजयाची भाषा असते. ते पाहून कोणी जमीन गहाण टाकतो, कोणी मुलीच्या लग्नासाठी जपलेले सोने मोडतो. रोगी बरा झाला तर तो खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल. परंतु जो रोग त्या उपचाराने बरा होण्यासारखा नव्हताच, आणि ही गोष्ट जाहिरात देणाऱ्याला ठाऊक होती, तर त्या व्यवहाराला काय नाव द्यावे?

पूर्वपक्ष

जाहिरातीच्या बाजूने जे म्हणता येते ते दुर्बल नाही. म्हणून प्रथम त्याचाच विचार करणे न्याय्य होईल.

पहिली गोष्ट अशी की, न बोलण्यानेही माणसे मरतात. आपल्या देशात कर्करोगाचे नाव उच्चारण्याचीही लोकांना भीती वाटते. गाठ लपविली जाते, रक्तस्राव सांगितला जात नाही, आणि रोगी रुग्णालयात पोहोचतो तेव्हा पुष्कळदा रोग फार पुढे गेलेला असतो. उपचार कोठे मिळतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याला उत्तम रुग्णालयाचाही उपयोग नाही. दुसरी गोष्ट अशी की, गीतेने व्यापाराला त्याज्य ठरविलेले नाही. अठराव्या अध्यायात कृषी आणि गोरक्षण यांच्या जोडीने वाणिज्याचीही गणना स्वभावज कर्मात केली आहे. रुग्णालयाला यंत्रे लागतात, परिचारिका लागतात, औषधे लागतात. ही सर्व पैशावाचून होत नाहीत. मग आपली सेवा लोकांना कळविण्यात दोष तो कोणता?

तिसरा युक्तिवाद इतिहासाचा आहे. अमेरिकेतील वैद्यक संघटनेने १८४७ च्या आपल्या आचारसंहितेपासून डॉक्टरांनी जाहिरात करणे गैर ठरविले होते. तेथील संघीय व्यापार आयोगाने १९७५ मध्ये या बंदीविरुद्ध तक्रार दाखल केली आणि १९७९ मध्ये ती बंदी स्पर्धेला मारक असल्याचा निर्णय दिला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मते समसमान पडल्याने तो निर्णय कायम राहिला. बंदीच्या आड जुने डॉक्टर नव्यांना वर येऊ देत नाहीत आणि ग्राहकाला दर कळू देत नाहीत, हा आयोगाच्या म्हणण्याचा आशय अगदीच निराधार नव्हता. भारतातही १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरात ही भाषणस्वातंत्र्यात मोडते असे मान्य केले.

या तिन्ही युक्तिवादांतून बोलणे आवश्यक आहे एवढे सिद्ध होते. वाटेल तसे बोलणे योग्य आहे, हे त्यांपैकी एकानेही सिद्ध होत नाही. कर्म न करण्यापेक्षा कर्म करणे श्रेयस्कर, असे तिसरा अध्याय सांगतो. पण ते कर्म कसे करावे हे सांगण्यासाठी पुढचे पंधरा अध्याय लागले. तेव्हा मौन की भाषण हा येथे वाद नाही. भाषणाची कसोटी कोणती, एवढाच प्रश्न उरतो. आणि ती कसोटी सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन करताना भगवंतांनी स्वच्छ शब्दांत दिली आहे. ऐकणाऱ्याला उद्विग्न न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे हे वाङ्मय तप होय. हे चारही गुण एकत्र असावयास हवेत. सत्याला सोडून प्रिय किंवा प्रियतेच्या नावाखाली अहित, असा पर्याय तेथे दिलेला नाही.

सत्याची कसोटी

कर्करोग-रुग्णालयांच्या जाहिरातींचा एक काळजीपूर्वक अभ्यास अमेरिकेत झाला व तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ या वर्षात १०२ रुग्णालयांनी दिलेल्या ४०९ जाहिराती त्यात तपासल्या होत्या. उपचाराचे लाभ सांगणाऱ्या जाहिराती शेकडा २७ होत्या. धोके सांगणाऱ्या शेकडा २. लाभ किती, हे आकड्याने सांगणाऱ्याही शेकडा २ च. खर्चाचा किंवा विम्याचा उल्लेख शेकडा ५ जाहिरातींत होता. जवळजवळ निम्म्या जाहिरातींत बऱ्या झालेल्या रुग्णाचे निवेदन होते; परंतु सर्वसाधारण रुग्णाला कोणता परिणाम अपेक्षिता येईल, हे त्यांपैकी एकाही जाहिरातीने सांगितले नाही.

येथे कोणी म्हणेल की, यात खोटे काय आहे? तो रुग्ण खरोखरच बरा झाला होता. वाक्य खरे आहे हे कबूल. परंतु वाक्य खरे असणे आणि वाणी सत्य असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. शंभरांतून दहा बरे झाले आणि त्या दहांनाच चित्रात उभे केले, तर प्रत्येक चित्र खरे असूनही पाहणाऱ्याच्या मनात उमटणारा अर्थ खोटा असतो. उरलेल्या नव्वदांना आपले निवेदन देता येत नाही, कारण ते हयात नाहीत. अशा प्रकारे मृतांच्या मौनावर जिवंताची जाहिरात उभी राहते.

आकड्यांनीही असाच भ्रम उत्पन्न करता येतो. समजा, एका मनुष्याला साठाव्या वर्षी त्रास सुरू झाला, रोग कळला आणि त्रेसष्टाव्या वर्षी तो वारला. निदानानंतर तो तीन वर्षे जगला. आता समजा, त्याच मनुष्याचा रोग सूक्ष्म तपासणीने सत्तावन्नाव्या वर्षीच कळला, आणि तरीही तो त्रेसष्टाव्या वर्षीच वारला. निदानानंतर तो सहा वर्षे जगला असे आता म्हणावे लागेल, आणि निदानानंतर पाच वर्षे जगलेल्यांच्या यादीत त्याचे नाव चढेल. त्याच्या आयुष्यात एका दिवसाचीही भर पडली नाही. रोगाच्या जाणिवेत मात्र तीन वर्षांची भर पडली. ज्या रुग्णालयाकडे आरंभीच्या अवस्थेतील, तरुण आणि सधन रुग्ण अधिक येतात त्याचे आकडे असेच आपोआप उजळ दिसतात. ते आकडे उपचाराच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून फलकावर लावणे हा असत्याचाच एक सुसंस्कृत प्रकार होय.

अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध क्रिया आणि पाचवे दैव. असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी संस्कारहीन आहे, असा निर्णयही तेथेच दिला आहे. रोगी बरा होतो तेव्हा त्याच्या शरीराची धारणा, रोगाची अवस्था, वेळेवर झालेले निदान, शस्त्रक्रिया, औषध, घरच्यांची शुश्रूषा आणि मनुष्याच्या हाती नसलेले बरेच काही एकत्र आलेले असते. त्या सर्वांचे श्रेय एका संस्थेच्या नावावर लिहिणारा फलक हा या पाच कारणांचा अपलाप करतो.

प्रिय आणि आशा

त्याच अभ्यासात शेकडा ६१ जाहिराती जगण्याची आशा जागविणाऱ्या आढळल्या. आशा ही वाईट गोष्ट नव्हे. आर्ताची आशा हिरावून घेणे हे क्रौर्यच आहे, आणि चरकसंहितेनेही मरण जवळ आल्याचे बोलून रोग्याला किंवा त्याच्या आप्तांना धक्का देऊ नये असा वैद्याला संयम शिकविला आहे. म्हणून शंका अशी संभवते की, आशा देण्यासाठी सत्याला थोडी मुरड घातली तर बिघडते कोठे?

याला उत्तर असे की, आशेला असत्याची गरजच नसते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये मेसोथेलिओमा हा दुर्धर कर्करोग झाला. निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यांक आठ महिने असल्याचे त्यांना ग्रंथांतून कळले. त्यांनी विचार केला की, मध्यांक आठ महिने याचा अर्थ निम्मे रुग्ण आठ महिन्यांहून अधिक जगतात. आणि वय, रोगाची अवस्था, उपचार यांचा विचार करता आपण त्या निम्म्यांत असण्यास कारण आहे. ते पुढे वीस वर्षे जगले आणि २००२ मध्ये निराळ्याच कर्करोगाने वारले. त्यांना आशा मिळाली ती कोणी सत्य लपविल्यामुळे नव्हे, तर सत्य पूर्णपणे समजल्यामुळे. जाहिरात जी आशा देते ती मात्र एका अटीवर मिळते : पैसे भरा आणि येथेच या. जी आशा विकत घ्यावी लागते ती संपली म्हणजे रोग्याच्या मनात अपराधाची भावना उरते की, आपण अधिक पैसा उभा करू शकलो नाही म्हणून आपला माणूस गेला.

दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी फुलोऱ्यासारख्या मोहक वाणीचा निषेध केला आहे. भोग आणि ऐश्वर्य यांचे आश्वासन देणारी ती वाणी ज्यांचे चित्त हरण करते त्यांची बुद्धी स्थिर होत नाही, असे तेथे म्हटले आहे. तेथे विषय स्वर्गफळाच्या लोभाचा आहे हे खरे. तरी चित्तहरणाची प्रक्रिया तीच आहे. ज्याला आज निर्णय घ्यावयाचा आहे, त्याची बुद्धी स्थिर ठेवण्यास साहाय्य करणे हेच त्याच्याशी प्रिय बोलणे होय.

अनुद्वेग

ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही तो मला प्रिय, असे बाराव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. उपर्युक्त जाहिरातींपैकी शेकडा ३० भय उत्पन्न करणाऱ्या होत्या, आणि शेकडा ४१ मध्ये कर्करोगाशी युद्धाची भाषा होती. युद्धाची उपमा वरवर वीरश्रीची वाटते. पण तिचा दुसरा अर्थ असा होतो की, जो मेला तो हरला, म्हणजे त्याच्या लढण्यात काही उणे होते. धैर्याने वेदना सोसून, घरच्यांचा निरोप घेऊन शांतपणे गेलेला मनुष्य पराभूत कसा? देह पडणे हा पराभव नव्हे, एवढे तरी गीतेच्या अभ्यासकाला निराळे सांगावयास नको.

भयाची जाहिरात विशेषतः निरोगी माणसांकडे वळते. लक्षण नाही, जोखीम नाही, तरी अमुक इतक्या तपासण्यांचा संच आजच करून घ्या, असा तगादा लावला जातो. काही तपासण्या जीव वाचवितात हे सत्य आहे. परंतु रक्तातील ट्यूमर मार्कर पाहण्याच्या पुष्कळशा तपासण्या निरोगी माणसाच्या सरसकट चाचणीसाठी योग्य मानल्या जात नाहीत. त्यांतून निष्कारण संशय, पुढच्या तपासण्या, कधी अनावश्यक शस्त्रक्रियाही निघतात. भय पेरून पीक घेण्याचा हा व्यवसाय वाणीच्या तपाच्या अगदी उलट टोकाला आहे.

हिताची कसोटी

हित कशाने होते याची उत्तम उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, ज्या गटात एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केली गेली त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना शिकवून तयार केले गेले आणि सौम्य व्हिनेगर लावून गर्भाशयमुख पाहण्याची साधी तपासणी त्यांनी दर दोन वर्षांनी केली. तेथे त्या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने कमी झाल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. या अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तपासणी दिली गेली नव्हती, याबद्दल नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते विचारार्ह आहेत. तरी एक गोष्ट स्पष्ट झाली की, जीव वाचविणारा निरोप पुष्कळदा दारोदार पायी जाणाऱ्या स्त्रीच्या तोंडून पोहोचतो, आणि त्या तपासणीत विकण्यासारखे फारसे काही नसते.

म्हणूनच बहुधा तिची जाहिरात होत नाही. २०१४ च्या त्या अभ्यासात उपचारांची जाहिरात करणाऱ्या शेकडा ८८ होत्या, लवकर निदानाच्या तपासणीची शेकडा १८, आणि वेदनाशमन व आधाराच्या सेवांची शेकडा १३. मुंबईत वांद्रे येथे १९८६ पासून शांती अवेदना सदन हे असाध्य कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करीत आले आहे. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत परगावाहून परळच्या रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना व त्यांच्या आप्तांना आसरा मिळतो. या सेवांचे फलक हमरस्त्यावर झळकत नाहीत. बिहारहून, बंगालहून आलेल्या माणसाला त्यांची माहिती बहुधा दुसरा रुग्णच देतो. उलट, अमेरिकेत २०१४ या एका वर्षात ८९० कर्करोग-केंद्रांनी जाहिरातीवर १७ कोटी ३० लाख डॉलर खर्च केले आणि त्यातील शेकडा ८६ भाग केवळ २० केंद्रांचा होता, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हा खर्च शेवटी कोणाच्या देयकातून वसूल होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मोफत शिबिरांचाही येथे विचार केला पाहिजे. दानाचे तीन प्रकार सतराव्या अध्यायात आहेत. योग्य देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले ते सात्त्विक. प्रत्युपकारासाठी किंवा फळावर दृष्टी ठेवून दिलेले ते राजस. शिबिरात रोग आढळल्यावर रुग्णाला जवळच्या शासकीय रुग्णालयाचा पत्ताही दिला जातो की केवळ आपल्याच दाराकडे वळविले जाते, यावरून ते दान कोणत्या कोटीतले हे ओळखता येते. शिबिराचा उपयोग राजस दानातूनही होतो. परंतु त्याला सेवा म्हणून मिरविण्याचा अधिकार मात्र उरत नाही. आणि रुग्ण पाठविणाऱ्या डॉक्टरला गुपचूप कट देणे ही तर न छापलेली जाहिरातच होय. तिच्यात सल्ला देणाऱ्याची जीभच विकत घेतलेली असते.

फळाची विक्री

चारही कसोट्यांच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते दुसऱ्या अध्यायात आहे. मनुष्याचा अधिकार कर्मावर आहे, फळावर कधीही नाही. हा उपदेश सामान्यतः कर्त्याच्या आसक्तीविषयी सांगितला जातो. परंतु त्यातून व्यवहाराचाही एक नियम निघतो. जे आपल्या अधिकारात नाही ते विकण्याचा मनुष्याला हक्क नाही. डॉक्टरच्या अधिकारात त्याचे कौशल्य आहे, त्याचे लक्ष आहे, त्याची स्वच्छता, त्याची रात्रीची जाग आहे. त्यांचे मूल्य त्याने अवश्य घ्यावे आणि त्यांची माहितीही अवश्य द्यावी. आरोग्य हे फळ आहे. त्याचे चित्र दाखवून जो पैसे घेतो तो दुसऱ्याच्या मालकीची वस्तू विकतो. कोणते डॉक्टर आहेत, कोणत्या तपासण्या होतात, दर काय आहेत, शासकीय योजनेचा लाभ मिळतो की नाही, कोणत्या अवस्थेतील किती रुग्णांवर उपचार केले आणि त्यांचे पुढे काय झाले, ही कर्माची घोषणा होय. येथे जीवन मिळते, ही फळाची विक्री होय.

भारतीय वैद्यकाला हा भेद नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकोणतिसाव्या अध्यायात प्राणांचे रक्षण करणारे आणि रोगांचे साहाय्य करणारे असे दोन प्रकारचे वैद्य वर्णिले आहेत. हे दुसऱ्या प्रकारचे वैद्य काम शोधीत रस्त्यांतून हिंडतात. कोणी आजारी असल्याचे कानावर येताच तेथे धावतात. त्याला ऐकू जाईल अशा बेताने आपले गुण मोठ्याने गातात. उपचार करणाऱ्या वैद्याचे दोष पुन्हा पुन्हा काढतात. रोग्याच्या मित्रांना गोड बोलून वश करतात. आणि उपाय फसला म्हणजे रोग्याकडेच साधनांचा, परिचारकांचा व संयमाचा अभाव होता असे सांगून मोकळे होतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वर्णनात फलक आणि मोबाइल यांखेरीज उणे काही नाही. त्याच संहितेत रोगांचे सुखसाध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असे भेद करून, असाध्याची साध्यता बोलून दाखविणे हे वैद्याच्या धर्माला सोडून आहे, हा विवेक ठसविला आहे. चिकित्सेचा पण्य म्हणून विक्रय करणारा सोन्याची रास टाकून धुळीच्या राशीमागे लागतो, असा तिचा अभिप्राय आहे.

कायदा आणि सद्विवेक

आपल्या देशाच्या कायद्याने या बाबतीत आरंभीच पाऊल टाकले होते. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ मध्ये झाला. त्याच्या परिशिष्टातील रोगांत कर्करोगाचा समावेश आहे आणि ते रोग बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे हा अपराध आहे. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील काही भाग रद्द केला, तरी व्यापारासाठी केलेल्या अशा जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही हे तत्त्व मान्य केले. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी रुग्णांना प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे आपल्याकडे ओढणे अनैतिक ठरविले. व्यवसायाचा आरंभ, पत्त्यातील बदल, शुल्काची जाहीर नोंद अशा मोजक्या घोषणांनाच मुभा ठेवली, आणि कट देण्याघेण्यास मनाई केली. २०२३ मध्ये आलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. २०२४ मध्ये औषधांच्या फसव्या जाहिरातींबद्दल एका मोठ्या कंपनीला सर्वोच्च न्यायालयाच्या दट्ट्यामुळे वर्तमानपत्रांतून जाहीर क्षमा मागावी लागली.

असे असूनही फलक उभेच आहेत. १९५४ चा कायदा औषधांविषयी बोलतो. रुग्णालयाच्या सेवेची गोड जाहिरात त्याच्या कक्षेतून सहज निसटते. परिषदेची शिक्षा नोंदणी झालेल्या डॉक्टरला होऊ शकते. रुग्णालय चालविणाऱ्या कंपनीचे नाव त्या नोंदवहीत नसते. म्हणून डॉक्टर गप्प राहतो आणि त्याच्या वतीने कंपनी बोलते. कायद्याची फट जेथे असते तेथेच सद्विवेकाची परीक्षा होते.

प्रत्येकाचे कर्तव्य

रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी प्रत्येक जाहिरात लोकांपुढे जाण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : उद्या स्वतःच्या आईला हाच रोग, याच अवस्थेत झाला, तर तिच्यापुढे हाच कागद ठेवता येईल काय? जो ठेवता येईल तो छापावा. डॉक्टरांनी आपले छायाचित्र ज्या मजकुरासोबत छापले जाते त्याची जबाबदारी आपल्यावर आहे हे विसरू नये. पगार दुसरा देतो म्हणून वाणीचे पाप दुसऱ्याचे होत नाही. वृत्तपत्रांनी जाहिरात आणि वार्ता यांच्यामधील रेघ पुसू नये. वार्तेच्या वेषातील जाहिरात ही वाचकाच्या विश्वासाची चोरी आहे. जो बरा झाला त्याने आपली कृतज्ञता अवश्य बोलून दाखवावी. मात्र आपले निवेदन फलकासाठी मागितले गेले, तर आपल्याबरोबर त्याच खोलीत असलेल्या आणि आज नसलेल्या सोबत्यांचे स्मरण करून मग उत्तर द्यावे. रोग्याच्या आप्तांनी पैशाची व्यवस्था करण्यापूर्वी डॉक्टरला विचारावे की, हा रोग कोणत्या अवस्थेत आहे, उपचाराचा हेतू रोग घालविणे आहे की त्रास कमी करणे, सर्व खर्च किती येईल, आणि हाच उपचार शासकीय किंवा धर्मादाय रुग्णालयात मिळतो काय. जो डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही तो निम्मा विश्वास तेथेच मिळवितो.

अर्जुनही रणभूमीवर आर्तच होता. त्याचे हात कापत होते, तोंड कोरडे पडले होते, आणि त्या क्षणी जो कोणी जे सांगेल ते त्याने ऐकले असते. अशा मनुष्याला दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी मृत्यू आणि विजय हे दोन्ही परिणाम उघडपणे सांगितले. पुढे सर्व ज्ञान देऊन झाल्यावर, अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, त्या सर्वांचा पूर्णपणे विचार करून स्वतःच्या इच्छेप्रमाणे वागण्याची त्याला मोकळीक दिली. ज्याला सर्व अधिकार होता त्याने आर्ताचे स्वातंत्र्य राखले. ज्यांना तो अधिकार नाही त्यांनी निदान तेवढे तरी राखावे. दोन्ही बाजू सांगाव्यात, घाई करू नये, आणि निर्णय ज्याच्या देहाचा आहे त्याच्याच हाती राहू द्यावा. एवढे पाळले तर अर्थार्थ्याने आर्ताशी बोलण्यात अधर्म नाही. तेही एक तपच होईल.